तोल सावरला, म्हणजे मेंदू सावरला का?

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात खेळते. चार दिवसांपूर्वी उंच चेंडूवर झेपावताना तिचे डोके दुसऱ्या खेळाडूच्या डोक्यावर आदळले. डॉक्टरांनी कन्कशनचे, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचे, निदान केले. काल तिला एका पायावर उभे करून आणि जमिनीवरच्या पट्टीवरून चालवून पाहिले, ते तिला व्यवस्थित जमले. वाचायला बसली की मात्र डोके अजून दुखते. आता ती सामन्यात उतरू शकते का?
– एक पालक

उत्तर : नाही, आत्ता उतरू नये. तिला बरे वाटावे ही तुमची ओढ मी समजू शकतो. परंतु या चाचण्यांकडून त्या देऊ शकत नाहीत ते उत्तर आपण मागत आहोत.

तोल सांभाळण्यासाठी डोळे, आंतरकर्ण आणि पायांचे सांधे यांच्याकडून येणारी माहिती मेंदूला क्षणोक्षणी जुळवावी लागते, आणि हादऱ्यानंतर नेमकी ही जुळवणी विस्कळीत होते. म्हणूनच खेळाडूला हात कमरेवर ठेवून, डोळे मिटून, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर आणि शेवटी एका पायामागे दुसरा पाय लावून प्रत्येकी २० सेकंद उभे करतात. हात सुटला, डोळे उघडले, पाऊल ढळले की एकेक चूक मोजली जाते. या चाचणीच्या मूळ पद्धतीत हेच फोमच्या गादीवरही करायचे असते, कारण कडक जमिनीवर न दिसणारी डगमग तिथे उघडी पडते.

मात्र उभे राहण्यातला हा दोष पुष्कळ खेळाडूंमध्ये तीन ते पाच दिवसांत मावळतो, इतर लक्षणे शिल्लक असतानाही. तुमच्या मुलीची चाचणी दुखापतीनंतर तीन दिवसांनी झाली, हे येथे फार महत्त्वाचे आहे.

चालण्याची चाचणी थोडी अधिक बोलकी आहे, विशेषतः तिला बुद्धीच्या कामाची जोड दिली तर. स्कॅट-६ या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणी-संचात तीन मीटर लांबीच्या पट्टीवर टाचेला चवडा लावत जाऊन वळून परतायचे असते. नंतर हेच चालताना सात-सात वजा करीत आकडे मोजायचे असतात. नुसती चालणारी मुलगी सरळ जाते, पण ‘त्र्याण्णव, शहाऐंशी’ म्हटल्यावर ‘एकोणऐंशी’ शोधताना तिचे पाऊल थबकते किंवा पट्टीबाहेर पडते. सामन्यात तर धावणे आणि विचार करणे एकाच वेळी चालू असते, त्यामुळे हा भाग वगळला असेल तर तो करून घ्यावा, असे मला आग्रहाने वाटते.

निकालाची तुलना शक्यतो हंगामापूर्वीच्या तिच्या स्वतःच्याच नोंदीशी व्हावी. नुकताच झालेला सराव, जुना मुरगळलेला घोटा किंवा चाचणीची सवय यांमुळेही आकडे खाली-वर होतात.

वाचताना होणारी डोकेदुखी हे या घडीला त्या पट्टीपेक्षा मोठे लक्षण आहे. आधी अभ्यास पूर्ववत व्हावा. हलका व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने चालेल, पण धडक बसू शकेल असा सराव सर्व लक्षणे गेल्यानंतर आणि त्यांच्या लेखी परवानगीनेच सुरू करावा. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, आकडी (फिट) आली, दुहेरी दिसू लागले, हातापायांत अशक्तपणा आला किंवा तिला जागे करणे कठीण झाले, तर कोणत्याही चाचणीची वाट न पाहता तिला तातडीने रुग्णालयात न्यावे.