म्हाताऱ्या हेजहॉगचे मागचे पाय चालेनासे झाले, तर त्याला सांभाळायचं कसं?

तुमचा हेजहॉग (पाठीवर काटे असलेला, मुठीत गोळा होणारा छोटा पाळीव प्राणी) साडेचार वर्षांचा आहे, दोन आठवडे झाले मागचे पाय फरपटत चालतोय, वळताना कलंडतो, रात्री पिंजऱ्यातल्या पळायच्या चाकावर चढायला जातो आणि घसरून पडतो. कोणीतरी सांगितलं, "हा वॉब्ली आहे (म्हणजे झुलत चालण्याचा मज्जासंस्थेचा आजार), यावर काही उपाय नाही." आणि तुम्ही विचारताय की आता चाक काढावं का आणि बाकी काय करावं.

चाक आजच काढा. अर्धवट चाललेल्या पायांनी तो त्यात चढेल आणि पाय अडकवून घेईल. पहिले दोन-तीन दिवस तो चाकाच्या जागेवर जाऊन हुंगत बसेल, ते बघवत नाही, पण काढा.

आता त्या "वॉब्ली"बद्दल. माझी हेजहॉग गोटी सव्वापाच वर्षं जगली आणि त्यातलं शेवटचं वर्ष तिचे मागचे पाय जवळजवळ निकामी होते. मलाही पहिल्या डॉक्टरांनी हेच सांगून घरी पाठवलं होतं. त्याआधी तीन आठवडे मी स्वतःच "वय झालं" म्हणून घालवले होते, त्यामुळे त्यांना एकट्याला दोष देत नाही. माझ्या लक्षात आलं ते पायांमुळे नाहीच. हेजहॉग गोळा होतो तेव्हा पाठीच्या कडेने फिरणारा एक स्नायू बटव्याच्या नाडीसारखा आवळला जातो आणि त्या बटव्याचं तोंड बंद होतं. गोटीचा बटवा पूर्ण मिटेनासा झाला. मागच्या बाजूला बोटभर फट राहायची आणि त्यातून एक गुलाबी पाऊल बाहेर डोकावायचं. मला ते गोड वाटायचं. मी फोटोही काढले होते.

वॉब्ली हेजहॉग सिंड्रोम हा खरा आजार आहे. मज्जातंतूंवरचं आवरण झिजत जातं, सुरुवात बहुतेक वेळा मागच्या पायांपासून होते आणि लुळेपणा पुढे सरकतो. अनेकांमध्ये 9 ते 15 महिन्यांत चालणं पूर्ण थांबतं. पण तो बहुधा दोन वर्षांच्या आतल्या जनावराला गाठतो. मोठ्या वयातही होऊ शकतो, नाही असं नाही. मुख्य मुद्दा हा की मेंदू आणि मज्जारज्जूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय त्याचं निदान पक्कं होत नाही, आणि ते फक्त मेल्यानंतरच शक्य असतं. म्हणजे जिवंत हेजहॉगकडे बघून कोणी छातीठोकपणे "वॉब्ली" म्हणत असेल तर तो अंदाज आहे. साडेचार वर्षांच्या जनावरात मणक्यांमधली चकती सरकणं, मणके एकमेकांना जोडले जाणं, सांधेदुखी, पाठीच्या कण्यातली किंवा मेंदूतली गाठ, कानाच्या आतला संसर्ग, हे सगळं तसंच दिसतं. आणि यातल्या काहींवर इलाज असतो.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी दोन गोष्टी बघा. पहिली, तापमान. पाळीव हेजहॉग मूळचे आफ्रिकेतले, थंडीतली झोप त्यांना झेपत नाही. पिंजऱ्याच्या आत 24 ते 27 अंश हवं. त्याखाली घसरत गेलं की ते सुस्तावतात, दारू प्यायल्यासारखे झुलतात, आणि ते हुबेहूब "वॉब्ली" दिसतं. म्हातारा तर थोड्या गारव्यानेही गळतो. पोटाला हात लावा. गार लागलं तर कपड्यांच्या आत, स्वतःच्या अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या. गरम पाण्यात बुडवू नका. दुसरी, बोटं. भिंगाखाली एकेक बोट बघा. कापडाचा दोरा किंवा आपला केस गुंडाळला जाऊन बोट सुजलेलं असतं, किंवा नख वळून तळव्यात घुसलेलं असतं. इतकं साधं कारण निघालं तर तुमचं नशीब.

दोन्ही ठीक असेल तर हेजहॉग पाहिलेले डॉक्टर शोधा. नुसतं कुत्रा-मांजर बघणाऱ्यांना याच्या पाठीला हात लावणंही अवघड जातं. (वाटेत कोणी "साळिंदर आहे का?" विचारेलच. नाही. साळिंदर उंदीर-घुशींच्या गोतावळ्यातलं, हे चिचुंद्रीच्या जवळचं. माझं हे वाक्य प्रतीक्षागृहात पाठ झालं होतं.) घरी तो चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ न्या, कारण टेबलावर ठेवल्यावर तो गोळा होऊन बसेल आणि डॉक्टरांना फक्त काटे दिसतील. नीट तपासणी आणि एक्स-रे यासाठी बहुतेक वेळा आयसोफ्लुरेन वायूची हलकी भूल द्यावी लागते. म्हाताऱ्या जिवाला भूल म्हटल्यावर पोटात गोळा येतो, माझ्याही आला होता. तरी करून घ्याच असं माझं मत आहे. गोटीच्या एक्स-रेमध्ये पाठीच्या खालच्या भागात तीन मणके जवळजवळ एकजीव झालेले दिसले. वेदनाशामक सुरू केल्यावर पाचव्या दिवशी ती स्वतः उठून भांड्यापर्यंत गेली. चालली नाही, सरपटली, पण गेली.

वेदनाशामक म्हणजे डॉक्टरांनी वजनावरून मोजून दिलेलं. घरातलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन चुकूनही नको. पावशेर-अर्धा किलोच्या जिवाला आपल्या गोळीचा कपटाही विष आहे. ई जीवनसत्त्वाने पाय परत आले अशा गोष्टी तुम्हाला सापडतील. वॉब्लीवर गुण देणारं औषध अजून सिद्ध झालेलं नाही, तेव्हा त्यावर आशा टांगून ठेवू नका. आणि पाय एका रात्रीत गेले, किंवा लघवी होत नाहीये असं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी न्या.

घरात काय बदलायचं? एका वाक्यात सांगायचं तर, त्याला चालावं लागू नये असं घर करा. मजला एकच. जागा लहान करा, खाणं, पाणी, झोप सगळं एकमेकांपासून वीतभर अंतरावर. भुसा काढून फ्लीसचं कापड अंथरा, कारण फरपटणाऱ्या पोटाला भुसा घासतो आणि नको तिथे अडकतो. टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं गुंततात. कठीण घरट्याऐवजी रुंद तोंडाची कापडी पिशवी द्या. कलंडत असेल तर फ्लीसच्या दोन गुंडाळ्या करून दोन्ही कुशींना लावा.

ऊब वरून द्या. सिरॅमिक हीटर आणि त्याला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र), थर्मोस्टॅटशिवाय नाही. खाली गरम पॅड किंवा पिशवी ठेवू नका. चालता येणारा प्राणी तापल्यावर बाजूला सरकतो, याला सरकता येत नाही. मी गरम पाण्याची पिशवी रुमालात गुंडाळून ठेवली होती, सकाळी गोटीच्या पोटावर रुपयाएवढा लाल चट्टा. तो भरायला तीन आठवडे लागले. ही चूक पूर्ण माझी.

आता खाणं, कारण खरी लढाई तिथे असते. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा घ्या आणि रोज रात्री, खाण्याआधी, त्याला वाटीत बसवून आकडा लिहून ठेवा. काट्यांमुळे हेजहॉग रोडावलेला डोळ्यांना कळतच नाही. गोटी 412 ग्रॅमची होती, सोळा दिवसांत 371 वर आली, आणि मला ती तशीच दिसत होती. दहा टक्के गेले होते. मी समजत होते तिला भूक नाही. मग एका रात्री दिवा मंद करून तिच्या शेजारी जमिनीवर पालथी पडले आणि बघत राहिले. ती भांड्यापर्यंत यायची, तोंड खाली घालायची, आणि पुढच्या पायांनी रेटा दिला की मागचं धड गुळगुळीत कापडावरून मागे सरकायचं. तोंड भांड्यापासून लांब. परत पुढे यायची, परत मागे. चार वेळा. पाचव्या वेळी तिने डोकं टेकलं आणि तशीच पडून राहिली. भूक होती हो, टेकू नव्हता. तिच्या कुल्ल्यांमागे फ्लीसची जाड गुंडाळी ठेवली आणि भांडं पसरट, जड, कडा अगदी बुटकी असं दिलं. त्या रात्री तिने भांडं चाटून ठेवलं.

म्हणून सिरिंजने भरवायला लागण्याआधी एकदा असं पालथं पडून बघा. तोंडाला वास येत असेल, कडक दाणे सोडून मऊ तेवढं खात असेल, तर दातही दाखवा, या वयात ते बऱ्याचदा खराब असतात. मांजराचं ओलं खाणं कोमट पाण्यात कालवून सैल करा. दूध देऊ नका, पोट बिघडतं. सिरिंजने भरवायची वेळ आलीच तर एक मिलीची घ्या, त्याला पोटावरच राहू द्या, कधीही उताणा करू नका, नाहीतर घास फुफ्फुसात जातो. ओठाच्या बाजूने थेंबभर, गिळल्याचं दिसलं की पुढचा थेंब. पंधरा मिनिटं सहज जातात. पाण्याची बाटली असेल तर तिच्याऐवजी उथळ वाटी ठेवा. आणि दिवसभर काहीच पोटात गेलं नाही तर उद्यावर ढकलू नका, उपासाने यांच्या यकृतात चरबी साठते आणि मग सावरणं कठीण होतं.

स्वच्छतेचं काम कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. स्वतःच्याच लघवीत पडून राहिल्याने पोटाची कातडी जळते. कापड सकाळ-संध्याकाळ बदला. पोट मळलं की बोटाच्या एका पेराएवढ्या कोमट पाण्यात धुवा, काट्यांना मऊ टूथब्रश, आणि पूर्ण कोरडं करूनच परत ठेवा. नर असेल तर लिंगाच्या त्वचेत धागे-कचरा अडकलाय का तेही बघा. गुडघे, कोपरं घासून लाल होतात, रोज नजर टाका. चालणं नसल्याने नखं झिजत नाहीत, दोन आठवड्यांनी कापा. लघवीत रक्त दिसलं तर डॉक्टर.

व्यायाम म्हणाल तर संध्याकाळी जाग आल्यावर पोटाखालून मऊ कापडाचा झोळ धरून पाच मिनिटं चालवा. पुढचे पाय तरी कामात राहतात. काही जण पाण्यात पोहवतात. मी नाही केलं. दमलेला हेजहॉग पाण्यात क्षणात तोंड बुडवतो आणि नंतर गारठतो, ते वेगळंच.

किती दिवस करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. माझं माप असं होतं: नवीन वास आला की हेजहॉग तोंडात फेस करतो आणि मान वळवून तो पाठीच्या काट्यांना फासतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. गोटी शेवटच्या महिन्यांतही नवं साबण लावलेल्या माझ्या हाताला चाटून फेस करायची, मान वळवायची आणि धप्पकन कुशीवर पडायची. मग पडल्या-पडल्या फासायची. मी उचलून सरळ करायचे, की परत तेच. जोवर हे चालू होतं तोवर मी डॉक्टरांना तिला कायमचं झोपवण्याबद्दल विचारलं नाही. नंतर सलग नऊ दिवस तिने कशाचाच वास घेतला नाही, वेदनाशामक वाढवूनही, आणि वजन 300 च्या खाली गेलं. तेव्हा विचारलं. आधी वायूने झोपवतात, मग इंजेक्शन. ती माझ्या फ्लीसमध्येच होती.

एक गोष्ट मात्र आत्ताच ठरवून ठेवा, कारण त्या दिवशी सुचत नाही. निदान जाणून घ्यायचं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा की मेंदू आणि मज्जारज्जू तपासायला पाठवायचा आहे. शरीर फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही, गोठलं की पेशी फुटतात आणि काही दिसत नाही. तुमच्या हेजहॉगची भावंडं कोणाकडे असतील तर त्यांना या अहवालाचा उपयोग होतो, कारण वॉब्ली घराण्यात चालतो असं दिसून आलंय. गोटीचा अहवाल पाच आठवड्यांनी आला. वॉब्ली नव्हतं. मणक्यांनी मज्जारज्जू दाबला होता.