आजोबा ८७ वर्षांचे आहेत. ते भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते. परदेशी विद्यापीठं तर फक्त मोठ्या शास्त्रज्ञांच्याच मुलाखती घेतात ना? मग आजोबांच्या आठवणी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मौखिक इतिहासात बसतात का? घरी रेकॉर्ड कशा कराव्यात?

बसतात. आजोबा ८७ वर्षांचे आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी एवढंच सांगतो: उत्तर पुढे वाचा, पण रेकॉर्डिंगचा दिवस आजच ठरवा.

परदेशी विद्यापीठं फक्त मोठ्या शास्त्रज्ञांच्याच मुलाखती घेतात, असा तुमचा समज दिसतो. तो अगदीच चुकीचा नाही. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं, म्हणजे माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवायचं, काम १९४८ साली इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी सुरू केलं, तेव्हा भर नामवंतांवरच होता. १९६१ ते १९६४ मध्ये विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांच्या देखरेखीखाली पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) जनकांच्या मुलाखती झाल्या. त्यात नील्स बोर यांची शेवटची बैठक १७ नोव्हेंबर १९६२ ला झाली आणि दुसऱ्या दिवशी बोर गेले. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही तारीख माझ्या डोक्यात रुतून बसलीय. पुढे मात्र हे वर्तुळ बरंच रुंदावलं. यंत्र कुणी शोधलं याइतकंच ते रोज कुणी चालवलं, बिघडल्यावर कुणी जुळवलं, हेही विचारलं जाऊ लागलं. आजोबा तिथे बसतात.

आता माझा अनुभव, म्हणजे खरं तर माझी चूक. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडम आणि मी, दोघांनी मिळून विद्यार्थ्यांकडून एक छोटं काम करून घ्यायचं ठरवलं. विषय होता धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातली फड बागायत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पांझरेसारख्या नदीवर छोटे बंधारे, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी शेतकरी स्वतः घेत नाही, गावाने नेमलेला पाटकरी सगळ्यांच्या शेताला देतो, राखणीला जागल्या. ही पद्धत तीनशेहून अधिक वर्षांची मानतात.

आम्ही एका म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे गेलो. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. माझ्या हातात सहा पानांची प्रश्नावली. पहिलाच प्रश्न, 'फड पद्धतीचे तांत्रिक वैशिष्ट्य काय?' आप्पा म्हणाले, ''माले काय इचारतस मास्तर? मी काय इंजिनेर शे का?'' पुढचा अर्धा तास ते 'चांगलं व्हतं', 'आते काय राह्यनं नही' याच्या पलीकडे गेले नाहीत. मुलं जांभया द्यायला लागली.

शेवटी एका मुलीने सहज विचारलं, आप्पा, रात्री बारं (पिकाला पाणी) देताना अंधारात कसं कळायचं? आप्पा उठले, कोपऱ्यातलं फावडं खांद्यावर टाकलं आणि आम्हाला चारीवर घेऊन गेले. पाणी जेमतेम घोट्याएवढं. फावड्याच्या दोन फटक्यांत त्यांनी वाफ्याचं तोंड उघडलं, चिखलाचा एक गोळा पाचटात (उसाच्या वाळक्या पाल्यात) गुंडाळून पलीकडे टाचेने दाबला आणि डोळे मिटून उभे राहिले. वाफा भरत आला की आवाज बदलतो, म्हणाले. ''पानी बोलस ना.'' मग चाळीस मिनिटं ते थांबलेच नाहीत. पाणी कुणी चोरलं, चोरी कशी ओळखायची, कुठल्या मातीला किती वेळ, सगळं.

त्या पाचटाच्या गोळ्याला त्यांनी एक शब्द वापरला होता. ठेठ अहिराणी, आम्ही कुणीच आधी ऐकलेला नव्हता. आणि मी काय केलं? त्या मुलीला सांगितलं, लेखन 'शुद्ध' करून आण. तिने बिचारीने इमाने इतबारे केलं. आज आमच्या कागदावर 'मातीचा तात्पुरता बांध' असं आहे. मूळ आवाज माझ्या फोनमध्ये होता आणि तो फोन मी दुसरी प्रत न करता रिसेट केला. पुन्हा गेलो तेव्हा आप्पा नव्हते. गावात दोघातिघांना विचारलं, तर ते हसले, आता मोटारीचं पाणी, कोण लावतंय पाचट!

आमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी जशा कानावर पडल्या तशा उतरवल्या म्हणून आज आहेत. हे ठाऊक असून माझ्या हातून हे झालं.

म्हणून आजोबा जे बोलतील ते जसंच्या तसं लिहा, रेल्वेतल्या मोडक्या इंग्रजी-हिंदीसकट. फाईलच्या तीन प्रती, तीन ठिकाणी. दोन फोन लावा, एक त्यांच्या छातीजवळ. पंखा बंद करावा लागेल, त्यामुळे भुसावळच्या उन्हात दुपारी बसूच नका. सकाळी सातला, चहानंतर, फार तर तासभर. रेकॉर्डिंग कुणी ऐकलेलं चालेल हे त्यांना सुरुवातीलाच विचारा आणि त्यांचं उत्तर रेकॉर्डिंगमध्येच राहू द्या. एखादा अपघात, एखाद्या साहेबाचं नाव निघालं तर तेवढा भाग बंद ठेवायचा अधिकार त्यांचा. तारखा चुकल्या तर मध्येच सुधारू नका, सर्व्हिस बुकवरून नंतर ताडा. आजी मध्ये बोलल्या तर बोलू द्या. कोळशाचे कपडे धुण्याचा इतिहास त्यांच्याकडेच आहे.

'तुमच्या काळात रेल्वे कशी होती' हे मात्र विचारू नका. माझ्या प्रश्नावलीसारखी गत होईल. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत १९३० पासूनच विजेचं इंजिन होतं, तिथे ते सुटून पुढे भुसावळकडे यायला वाफेचं लागायचं. आजोबांची गाडी तिकडे जायची का? गेली असेल तर विचारा, विजेच्या इंजिनावरची माणसं तुमच्याकडे कशी बघायची? साठच्या दशकाच्या अखेरीस रुळांवरची विजेची तार भुसावळपर्यंत आली. त्या वर्षी तुम्हाला कुठे पाठवलं, नवीन काय शिकावं लागलं, हातातलं काय वाया गेलं? तार कधी आली हे सरकारी अहवालात सापडेल. वाया काय गेलं हे तिथे नाही, आणि माझ्या मते तुमच्या अख्ख्या रेकॉर्डिंगमधला सर्वांत मोलाचा भाग तोच असेल. उत्तर लगेच आलं नाही तर गप्प बसा. मनात वीसपर्यंत मोजा.

आणि एक. भट्टीतला जाळ इतका पांढरा असायचा की नुसत्या डोळ्याने काही दिसायचं नाही. फायरमन फावड्याचं पातं उलटं करून भट्टीच्या तोंडात धरायचे; त्यावरून वळलेल्या हवेने जाळ बाजूला सरायचा आणि कोळसा कुठे विरळ झालाय ते दिसायचं. आजोबांना ते करून दाखवायला सांगा आणि तेवढ्यापुरता व्हिडिओ घ्या, तोही हातांचा. घरात फावडं नसेल तर केर भरायची सुपलीही चालेल.