व्हिएतनामला जाऊ की लोट्यालाच राहू?

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि शिकवणी

प्रश्न (चिपळूण) : वय २७, इंग्रजीत बी. ए. लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत कागदपत्रांच्या विभागात कायम नोकरी, सव्वाचार वर्षं झाली. बेसिक २०,०००. मैत्रीण म्हणते, व्हिएतनामला जाऊन फ्रीलान्स इंग्रजी शिकव, तासावर पैसे मिळतात. बाबा म्हणतात, लागलेली नोकरी सोडायची नाही. काय करू?

उत्तर : मैत्रिणीच्या सल्ल्यातला ‘फ्रीलान्स’ हा शब्द आधी बाजूला काढा. व्हिएतनाममध्ये परदेशी शिक्षकाचा कामाचा परवाना नोकरी देणाऱ्या शाळेमार्फत किंवा क्लासमार्फत निघतो आणि तिच्याशीच बांधलेला असतो. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. शाळा बदलली की परवान्याचं काम पुन्हा करावं लागतं. ९० दिवसांच्या ई-व्हिसावर उतरून चार घरी शिकवण्या धरणारे लोक आहेत, पण ते काम बेकायदा. पगार बुडाला तर तक्रार करायला तोंड राहत नाही. तेव्हा तुम्हाला इथली नोकरी तिथल्या नोकरीशीच ताडून पाहायची आहे.

बाबांचं म्हणणं आम्ही सरसकट मान्य करणार नाही, पण आणखी नऊ महिन्यांपुरतं ते खरं आहे. पाच वर्षं पुरी झाली की ग्रॅच्युइटी लागते. हिशेब असा : शेवटचा बेसिक (महागाई भत्ता असल्यास तो धरून) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुमच्या बेसिकवर किमान ५७,६९२ रुपये होतात. चार वर्षं २४० दिवस पुरे असंही ऐकाल. न्यायालयात ते मान्य झालेलं आहे, पण तुमच्या कंपनीने मानलं नाही तर भांडत बसावं लागेल. पाच वर्षं भरा आणि सुटा. पीएफला हात लावू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर बसतो, आणि नोकरी सुटली तरी खात्यावर व्याज चालू राहतं. पेन्शनसाठी मात्र दहा वर्षांची सेवा लागते. पुढे परत नोकरी धरण्याचा विचार असेल तर त्या भागाचे पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे ही पाच वर्षं पुढच्या सेवेत मोजली जातील.

हे नऊ महिने कागदांना लागतीलच. पहिला कागद पदवी प्रमाणपत्र, म्हणजे गुणपत्रिका नव्हे. कित्येकांचं ते कॉलेजच्या कपाटातच पडून असतं. दुसरी अडचण नावाची. मुंबई विद्यापीठाच्या कागदांवर बऱ्याचदा आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव असतं, पासपोर्टवर वडिलांचं. परक्या देशातल्या कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. मग पदवीवर राज्य सरकारचं साक्षांकन आणि त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. पुढे अपोस्टिल (म्हणजे मंत्रालयाचाच, पण करारातल्या देशांत थेट चालणारा शिक्का) चालेल की दूतावासाचा शिक्का हवा, हे शाळेकडून ईमेलवर लेखी घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, पण समोरचा देशही त्यात असावा लागतो. पोलीस क्लिअरन्स सगळ्यांत शेवटी काढा. तो सहा महिन्यांच्या आतला लागतो आणि घाई करणाऱ्यांचा नेमका तोच शिळा होतो.

शिकवण्याचं प्रमाणपत्र १२० तासांचं लागतं. स्वस्तातलं ऑनलाइन घेतलंत तर कागदाची अट भागेल, पण वर्गात उभं राहायची सवय होणार नाही. केंब्रिजच्या सेल्टा या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि त्यावर गुण मिळतात. महाग आहे, तरी परवडत असेल तर तोच करा. आणखी एक कटू गोष्ट : बऱ्याच जाहिरातींत इंग्रजी मातृभाषा असलेलेच हवेत असं लिहिलेलं असतं. भारतीय पासपोर्टवर होकार कमी येतात, दरही पुष्कळदा कमी सांगतात. करार हातात आला की तासाचा दर शेवटी वाचा. आधी पाहा, आठवड्याला किती तासांची हमी आहे, आणि जानेवारी-फेब्रुवारीत टेटच्या (व्हिएतनामी नववर्षाच्या) सुट्टीत वर्ग बंद असतात तेव्हा पैसे मिळतात का. तासावर काम करणाऱ्याला त्या दिवसांत बहुधा काहीच मिळत नाही.

प्रश्न (सावंतवाडी) : दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे एम. ए. (इंग्रजी), बी. एड. जपान किंवा कोरियात शाळेत शिकवता येईल का?

उत्तर : जपानच्या शाळांसाठी लागणाऱ्या ‘इन्स्ट्रक्टर’ दर्जाला (हा व्हिसाचा प्रकार) इंग्रजीतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. तुमची अकरावीपासून मोजली तरी नऊच भरतात. खासगी इंग्रजी क्लासना वेगळा दर्जा चालतो, त्याला पदवी पुरते. अर्ज तिथे करा. कोरियाचा ई-२ व्हिसा मुळात सातच इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची पात्रता असलेल्या भारतीयांना सहायक शिक्षक म्हणून वाट आहे, पण अरुंद.

प्रश्न (गुहागर) : नोकरी न सोडता घरूनच परदेशी विद्यार्थ्यांना शिकवायचं आहे. कार्यालय दहा ते साडेपाच. जमेल का, आणि मिळेल किती?

उत्तर : जमेल. आम्हाला विचाराल तर सुरुवात अशीच करावी. देश मात्र घड्याळ पाहून निवडा. जपानी माणूस रात्री आठला मोकळा होतो तेव्हा आपल्याकडे साडेचार वाजलेले असतात, म्हणजे तुम्ही खुर्चीत. सौदीतले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले साडेआठ. पहाटे उठणारे असाल तर ब्राझील उत्तम : आपल्या साडेपाचला तिथे रात्रीचे नऊ असतात आणि कामावरून आलेली मोठी माणसं शिकायला बसतात.

मिळकतीचा हिशेब कोरडेपणाने करा. प्रेप्लीसारखं, शिक्षक-विद्यार्थ्यांची ऑनलाइन गाठ घालून देणारं व्यासपीठ नव्या शिक्षकाकडून ३३ टक्के कापतं, तास वाढत जातील तसं ते १८ पर्यंत उतरतं. ट्रायलचा पहिला तास पूर्ण त्यांचा. दर आठ डॉलर लावलात तर हातात ५.३६. डॉलर ८५ रुपये धरला तर साधारण ४५५ रुपये. आठवड्याला दहा तास म्हणजे महिन्याला अठरा हजारांच्या आसपास. तयारीला तासामागे वीस मिनिटं धरली की तोच दर ३४० वर येतो. विद्यार्थी परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिन्यांत गळतात, त्यामुळे वर्षाचे बारा महिने न धरता नऊ-दहा धरा.

कोकणात खरी परीक्षा जूनपासून. वीज गेली की राऊटर बंद. त्यासाठी इन्व्हर्टरची वाट पाहू नका, राऊटरचा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो तीन-चार तास काढतो. वीज बराच वेळ गेली तर गावच्या टॉवरची बॅटरीही उतरते, म्हणून फायबर एका कंपनीचं आणि सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा. वेग तपासताना अपलोड पाहा. तीन-चार एमबीपीएस स्थिर असेल तर पुरे. वीज कडाडायला लागली की राऊटरची पिन आणि केबल दोन्ही काढा. वळवाच्या पावसात अडॅप्टर असेच जळतात. पत्र्याखाली बसत असाल तर माइकवाला हेडसेट घ्याच, नाहीतर विद्यार्थ्याला तुमच्याऐवजी पाऊस ऐकू येईल. गणपतीचे दिवस महिनाभर आधी कॅलेंडरवर बंद करा. ऐनवेळी रद्द केलेला तास प्रोफाइलवर दिसतो.

नेमणूकपत्रात ‘अन्य उद्योग करणार नाही’ अशी ओळ आहे का ते आधी वाचा. असेल तर लेखी परवानगी घ्या. परदेशातून आलेली रक्कम पगारात मिळवून विवरणपत्रात दाखवायची असते. पगारावर कंपनीने कापून घेतलेला कर वजा जाता वर्षाचा देय कर १०,००० च्या वर जात असेल तर आगाऊ कर भरा : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. शिकवणीची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. बँकेकडून प्रत्येक रकमेचा परकीय जमा दाखला मागून घ्या. एकच व्यासपीठ धरून राहू नका. जुलै २०२१ मध्ये चीनने परदेशात बसून चिनी मुलांना शिकवण्यावर बंदी आणली आणि त्या एका देशावर विसंबलेल्यांचं काम बघता बघता गेलं.

प्रश्न (राजापूर) : एजंट थायलंडमधल्या शाळेत नोकरीसाठी दीड लाख मागतो. आधी टुरिस्ट व्हिसावर जा, वर्क परमिट तिकडे होईल म्हणतो. द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतं. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासा. थायलंडमध्ये शिकवायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो आणि त्यासाठी शाळेची कागदपत्रं इथेच तुमच्या हातात यायला हवीत. शाळेला थेट ईमेल करा, पत्ता एजंटकडून न घेता तुम्ही शोधून. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली बोलावून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार घडले आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये त्याबद्दल इशाराही दिला होता. पैसे आधीच दिले असतील तर पावती, चॅट आणि जाहिरातीचा फोटो घेऊन पोलिसांत आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी) कार्यालयात तक्रार द्या.