‘पाटील’चं ‘पाटल’ होतंय आणि दुकानदार म्हणतो, माल परत नाही

प्रश्न : मी चिपळूणला घरूनच मराठी टायपिंगची कामं करते. १९ दिवसांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून १,८५० रुपयांना वायरलेस कीबोर्ड-माऊसचा सेट घेतला. कीबोर्ड मध्येच अक्षरं गाळतो, माऊस अडकतो. दुकानदार म्हणतो, दोष तुमच्या कॉम्प्युटरचा आहे. बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. शिवाय म्हणे, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमची अडचण मला नीट कळते. मराठी टाईप करताना काना, वेलांटी, मात्रा या सगळ्यांना वेगळी कळ दाबावी लागते. ‘पाटील’ लिहायला पाच कळा लागतात. त्यातली चौथी गळाली की ‘पाटल’ उमटतं, आणि प्रतिज्ञापत्रावर तसं नाव गेलं तर पुढचा मनस्ताप ज्याचं काम त्यालाच. त्यामुळे ही किरकोळ तक्रार आहे, असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

पण भांडायच्या आधी एक काम करा. दोष वस्तूत आहे की ती जिथे लावली आहे त्या जागेत, हे पक्कं करा. उद्या ग्राहक तक्रार आयोगातही पहिला प्रश्न हाच येईल. असे बहुतेक सेट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. यूएसबी ३ चं पोर्ट, बहुतेक वेळा निळ्या रंगाचं, आणि त्यात लावलेली हार्ड डिस्क रेडिओ लहरींच्या याच पट्ट्यात गोंगाट करतात. सेटचा रिसीव्हर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोर्टला लावायचा तो छोटा तुकडा, शेजारीच असेल किंवा सीपीयूच्या मागे पत्र्याआड असेल, तर चांगला कीबोर्डही अक्षरं गाळतो. रिसीव्हर काळ्या पोर्टला, एखाद्या मीटरच्या यूएसबी एक्स्टेंशन केबलने टेबलावर आणून ठेवा. सेल नवे घाला. एवढ्याने काम झालं तर दुकानदाराशी भांडण नको. तुमची बाजू टिकणार नाही, हे मी आत्ताच सांगतो.

तरीही अक्षरं गळत असतील तर तोच सेट दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. बोटं आणि पडदा दोन्ही दिसतील असा मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. दोन्हीकडे तेच घडलं, तर ‘तुमच्या कॉम्प्युटरचा दोष’ हे म्हणणं उभं राहत नाही.

आता बिलावरची ओळ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘परत घेणार नाही’ म्हणजे काही मुदत नव्हे, त्यामुळे माझ्या मते तुम्हाला ३० दिवस मिळतात. त्यातले ११ उरलेत. याच आठवड्यात लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. दुकानदाराला आणि उत्पादक कंपनीला, दोघांनाही. बिलाची प्रत जोडा, दोष काय ते चार ओळींत लिहा, बदलून द्या किंवा पैसे परत करा असं स्पष्ट मागा आणि १५ दिवसांची मुदत द्या. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून दाखवणं अवघड जातं.

‘धंद्यासाठी’ या मुद्द्यावर तर तुमची बाजू फारच भक्कम आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त धरू नये, असं कलम २(७) च्या स्पष्टीकरणात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे समजावताना उदाहरण दिलं ते टाईपरायटरचं! दुसऱ्यांचं काम पैसे घेऊन टाईप करणारा माणूस स्वतः त्या यंत्रावर बसत असेल, तर तो ग्राहकच राहतो. तुमचंच चित्र जणू. नोटिशीत हा निकाल नावानिशी लिहा.

खोक्यावर आणखी एक गोष्ट पाहा. वायरलेस कीबोर्डला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ने सुरू होणारा तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. क्रमांकच नसेल तर तो मुद्दाही नोटिशीत घाला.

नोटिशीला उत्तर आलं नाही तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे तडजोड झाली नाही तर जिल्हा आयोग. त्यासाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही. कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीत, तक्रार दाखल करता येते. ऑनलाइनही करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका. भरपाई मागताना बुडालेल्या कामाचे कागद जोडा आणि तेवढंच मागा. १,८५० च्या वस्तूवर लाखाची मागणी केली की खरी तक्रारही खोटी वाटू लागते.

सेट दुकानात जमा करायची वेळ आली तर पोच घ्या, आणि पोचेवर ‘कीबोर्ड, माऊस व रिसीव्हर’ असे तिन्ही शब्द लिहून घ्या. नखाएवढा तो रिसीव्हर माऊसच्या पोटातल्या खाचेत राहतो, आणि नंतर ‘तो दिलाच नव्हता’ म्हणायला कुणालाही जागा मिळते.