संस्थेत राहणाऱ्या मुलांवर संशोधन करताना संस्थाप्रमुखांची परवानगी पुरेशी असते का?

निवासी संस्थेतील 14 ते 17 वर्षांच्या मुलांच्या शालेय अनुभवांवर आपल्याला मुलाखती घ्यायच्या आहेत, संस्थाप्रमुखांची लेखी परवानगी हाती आहे, आणि तेवढी पुरे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की ती पुरेशी नाही. कायदेशीर पालकांची संमती लागतेच, पण त्याहून अवघड असते ती मुलाची स्वतःची, मनापासूनची तयारी.

1939 साली अमेरिकेतील आयोवा येथे तोतरेपणावरील प्रयोगासाठी अनाथालयातील 22 मुले घेतली गेली आणि त्यांतल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही त्यांचे बोलणे सदोष असल्याचे वारंवार ऐकवण्यात आले. खरा हेतू मुलांना ठाऊक नव्हता. हा प्रयोग करणाऱ्या आयोवा विद्यापीठाने जाहीर माफी मागितली ती 2001 साली. म्हणून माणसांवरील संशोधनाची नीतितत्त्वे सांगणाऱ्या 1979 च्या अमेरिकी बेलमाँट अहवालातील न्यायाचे तत्त्व मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: हीच मुले का निवडली? प्रश्न खरोखर त्यांच्या जगण्याशी निगडित आहे म्हणून, की ती एका जागी सहज सापडतात म्हणून?

अधीक्षकांच्या खोलीत, त्यांच्या देखत विचारले तर मूल मान डोलावणारच. त्या होकाराला काही अर्थ नाही. वेगळ्या ठिकाणी विचारावे, विचार करायला एक-दोन दिवस द्यावेत आणि नकाराची बातमी कर्मचाऱ्यांपर्यंत जाणार नाही अशी व्यवस्था करावी. मुलाखतीच्या सुरुवातीलाच एखादा साधा प्रश्न मुद्दाम टाळायला सांगावा, म्हणजे नाही म्हटले तरी चालते हे त्याला अनुभवाने कळते. पुढे ‘माहीत नाही’ असे तुटक उत्तर पुन्हा पुन्हा येऊ लागले, नजर दाराकडे वळू लागली, तर रेकॉर्डर आपणच बंद करावा.

संपूर्ण गुप्ततेचे वचन मात्र कधीही देऊ नये. कोणाच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका असल्याचे कळले, तर ते एका ठरावीक जबाबदार व्यक्तीला सांगावे लागेल, हे बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगावे, आणि तशी वेळ आलीच तर आधी मुलाला कल्पना द्यावी. आरोप संस्थेतल्याच माणसावर असू शकतो, म्हणून ती व्यक्ती शक्यतो संस्थेबाहेरची असावी.

लहान संस्थेत नाव बदलूनही ओळख लपत नाही. ‘धाकट्या बहिणीबरोबर आलेली दहावीतली मुलगी’ एवढ्यावरून सगळे ओळखतात. असे तपशील गाळावेत किंवा अनेकांचे अनुभव एकत्र मांडावेत, आणि आपले बोलणे कोणत्या तारखेपर्यंत मागे घेता येईल, ते मुलाला लिहून द्यावे.