निवेदन न वाचता परत पाठवतोय

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीच्या अर्जातलं, स्वतःबद्दल लिहायचं ते निवेदन न वाचताच परत पाठवतोय. रागावू नकोस. ते लिहिताना कुणाची मदत घेतली नाही, असं तिथे लिहून द्यावं लागतं. मी एक स्वल्पविराम हलवला तरी तुझी सही खोटी ठरायची. आणि खरेपणा हा निकष तर थेट सेसिल ऱ्होड्सच्या मृत्युपत्रातला. (हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेल्या त्या साम्राज्यवाद्याने तो घालावा, ही गंमत वेगळी. मुली या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला पोचल्या त्याही १९७७ साली!)

बायोडेटा मात्र वाचला. पहिलं पान वेबिनारांच्या प्रमाणपत्रांनी भरलंय आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ: 'गावातील विहिरींची पातळी मोजली.' अगं, तीन उन्हाळे टेप आणि वही घेऊन फिरलीस ना? मग ती ओळ तळाशी का? गुण लागतातच, पण तिथे येणाऱ्या बहुतेकांकडे ते असतात. मुलाखतीत खोदतील ते विहिरीपाशीच. कोण मोजू देत नव्हतं? त्याला कसं पटवलंस? आकडे ग्रामपंचायतीला दाखवलेस का, की वहीतच राहिले? राहिले असतील तर तसं सांग. एखादं उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही' म्हण. थापा लगेच कळतात.

याच एका दारावर अडून बसू नकोस. परदेशी शिक्षणासाठीची इनलॅक्स शिष्यवृत्ती बघ. जे. एन. टाटा एंडाउमेंटही बघ, फक्त ती १८९२ पासूनची कर्जरूप शिष्यवृत्ती आहे, पैसे फेडावे लागतात. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आत्ता नको, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

शिफारसपत्राबद्दल जरा कडक बोलतो. प्राचार्यांचं लेटरहेड भारदस्त आहे, पण ते तुला ओळखतात का? तुझ्या वयात मी एका बड्या माणसाच्या दारात तीन तास बसून पत्र मिळवलं होतं. चार ओळी, त्यात माझा विषयही चुकीचा! भूगोलाच्या ज्या मॅडमनी तुझा अहवाल दोनदा परत केला, त्यांनाच विचार. तू दुसऱ्यांदा काय सुधारलंस, हे त्याच सांगू शकतील. पंधरा दिवस आधी जा, आणि ती वही सोबत ने. त्यांनी अजून पाहिली नसेल.

तुझा,
सर