फोडणीच्या भाताचा लगदा का होतो?

प्रश्न असा आहे: नोकरीसाठी नुकताच कोल्हापुरात आलोय, खोलीवर स्वतःच करून खातो. दुकानदारानं ‘आजऱ्याचा हाय, डोळे झाकून घ्या’ म्हणून 10 किलो घनसाळ तांदूळ गळ्यात मारला. फोडणीचा भात केला की लगदा होतो. तांदूळ खराब आहे का? आणि रोज भात खाऊन अंगाला काही लागतं का?

तांदूळ खराब नाही, कामाला चुकीचा लावलाय. माझं माहेर आजऱ्याचं, त्यामुळे घनसाळाला कुणी नावं ठेवली की मी जरा पदर खोचूनच बसते.

घनसाळ बारक्या, बुटक्या दाण्याचा, वासाचा आणि शिजल्यावर मऊ. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे आजऱ्याचाच माल म्हणून सरकारी नोंद, मिळालं. पण पाटीवर आजरा लिहिलं म्हणून विश्वास ठेवू नका, मूठभर तांदूळ तळहातावर चोळून हुंगा. हा भात आमटीबरोबर नाहीतर पांढऱ्या रश्श्याबरोबर खायचा. रस्सा त्यात मुरतो. मोकळ्या भातावर ओतला तर ताटभर पळत सुटतो.

त्यात तुमचा तांदूळ नवा असणार. सुगीनंतर लगेच आलेला तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकटतो, वर्षभर मुरलेला जास्त पितो आणि सुटा होतो. वाटीला नव्याला दीड वाटी पाणी, जुन्याला दोन, इथून सुरुवात करा. पुढं तुमचा कुकर सांगेल.

मी लग्न होऊन कोल्हापुरात आले त्या वर्षी माहेरच्या नव्या घनसाळाचा मसालेभात घातला होता, बारा माणसांचा. झाकण काढलं तर उलथनं पातेल्यात उभं राहिलं. सासूबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. भात परातीत उपसला, त्यात कांदा, कोथिंबीर, बेसन आणि आपली कांदा-लसूण चटणी घालून मळला, चपट्या वड्या थापल्या आणि तव्यावर लालसर भाजल्या. पाहुण्यांनी कृती विचारली तर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं! तुमच्या लगद्याचंही हेच करा.

फोडणीच्या आणि मसालेभातासाठी जुना कोलम दोन किलो वेगळा आणा. घनसाळाची मऊ खिचडी करा, दहीभात करा, सुट्टीच्या दिवशी खीर. एखादा किलो गिरणीतून दळून आणलात तर भाकरी होते. पिठाएवढंच पाणी मीठ घालून उकळायचं, त्यात पीठ घालून ढवळायचं आणि झाकण ठेवून गॅस बंद करायचा. दहा मिनिटांनी हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळायचं. पीठ गार झालं की भाकरीच्या कडा फाटतात, मग तांदळाला दोष देऊ नका. आंबोळीत मात्र घनसाळ घालवू नका, तिथं रेशनचा जाड तांदूळच बरा. तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या. थंडीत आपल्याकडं पीठ एका रात्रीत फुगेलच असं नाही, तेव्हा जास्त वेळ द्या.

आता अंगाला लागण्याचं. 100 ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात साधारण 350 कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. त्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो; डाळीत जे कमी, ते तांदळात मिळतं. म्हणजे वरण-भात हा गरिबीचा तोडगा नाही, जोडी नीट जमलीय. नुसता भात-लोणचं मात्र रोज नको. पॉलिशमध्ये कोंड्याबरोबर ब-1 जीवनसत्त्वही बरंचसं जातं, म्हणून जमलं तर कधी हातसडीचा घ्या. तो दोन तास भिजवून मग शिजवायचा.

एकटे राहताय म्हणून एक सांगते. रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देण्याची सवय असेल तर मोडा. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबेत वाढून विष तयार करतात आणि ते परत गरम करूनही जात नाही. उरलेला भात पसरून गार करा आणि तास-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. खोलीवर फ्रीज नसेल तर मोजूनच शिजवा, एकट्याला एका वेळेला पाऊण वाटी तांदूळ पुष्कळ होतो.